कॉम्प्युटर म्हणतो बरोबर, पण फिल्म काय म्हणते?

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना सोपं जातं, त्यांच्यासाठी ही लेखी प्रत. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

तुम्ही परभणीचे असाल तर एक वाक्य हजारदा ऐकलं असेल. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी.’ मी पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये एकानं ते मला ऐकवलंच. मी पण हसलो, काय करणार! पण आजची गोष्ट खरोखर जर्मनीत सुरू होते आणि परभणी जिल्ह्यातल्या एका बाईपर्यंत येऊन पोहोचते. ती बाई म्हणजे माझी मावशी.

मावशीचं गाव सेलू तालुक्यात. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पंचवीस दिवसांचं रेडिएशन सांगितलं. आपल्याकडे त्याला कोणी रेडिएशन म्हणत नाही, ‘शेक’ म्हणतात. ‘तिला पंचवीस शेक सांगितलेत.’ रोज 2 ग्रे, असे 25 दिवस, एकूण 50 ग्रे. ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप. सोमवार ते शुक्रवार शेक आणि शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे पाच आठवडे. आम्ही छत्रपती संभाजीनगरला हॉस्पिटलजवळ खोली घेतली. शनिवारी रेल्वेनं सेलू, रविवारी संध्याकाळी परत. मी वर्क फ्रॉम होम घेऊन सोबत राहिलो.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सांगण्यात आलं, मशीन तपासणीसाठी बंद आहे, दुपारनंतर या. माझं डोकंच फिरलं. स्टॅन्डअप मीटिंग सोडून आलो होतो. मावशी मात्र शांत. म्हणाली, ‘मशीनला बी डॉक्टर लागतो म्हण की!’

तेवढ्यात तो डॉक्टरच बाहेर आला. म्हणजे आली. मेडिकल फिजिसिस्ट मॅडम, माझ्याच वयाच्या. हातात मोजे, आणि दोन बोटांत कडेला धरलेला एक प्लास्टिकचा पातळ तुकडा. फिकट पिवळट-हिरवा, आणि त्यावर गडद रेषांचा एक तारा उमटलेला. मी विचारलं, ‘मॅडम, हे काय?’ त्या म्हणाल्या, ‘फिल्म आहे. मशीन खरं बोलतंय का ते हिला विचारतो आम्ही.’

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या डोक्यात आलं, एवढं कोट्यवधींचं मशीन, त्यात एवढे सेन्सर, एवढे कॉम्प्युटर, आणि शेवटी विचारायचं कोणाला? फिल्मच्या तुकड्याला? या प्रश्नामागे मी पुढचे दोन महिने लागलो. त्यातून हा भाग तयार झाला.

तर चला, जर्मनीला.

8 नोव्हेंबर 1895. वुर्ट्झबर्ग गावातले प्राध्यापक विल्हेल्म रॉन्टगेन अंधाऱ्या खोलीत काचेच्या नळीतून वीज सोडत होते. नळी काळ्या पुठ्ठ्यानं झाकलेली, तरी जवळचा रसायन लावलेला पडदा चमकला. काहीतरी अदृश्य किरण पुठ्ठ्यातून आरपार येत होते. नाव माहीत नाही म्हणून त्यांनी त्यांना ‘एक्स’ म्हटलं. 22 डिसेंबरला त्यांनी बायकोचा हात फोटोच्या प्लेटवर ठेवून ते किरण सोडले. हाडं आणि बोटातली अंगठी उमटली. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये हेन्री बेकरेल यांनी युरेनियमचे क्षार काळ्या कागदात गुंडाळलेल्या प्लेटवर ठेवले. ऊन नव्हतं म्हणून प्रयोग ड्रॉवरमध्ये पडून राहिला. प्लेट धुतली तर ती काळी झालेली! रेडिओअॅक्टिव्हिटी अशी सापडली.

म्हणजे बघा, या किरणांची पहिली पक्की नोंद फोटोच्या प्लेटनंच ठेवली.

पण नोंद आणि मोजमाप यात फरक आहे. एक्स-रे निघाल्या निघाल्या डॉक्टरांनी त्यानं उपचार सुरू केले, पण डोस मोजायचा कसा, हे कोणालाच माहीत नव्हतं. कातडी लाल झाली की पुरे, हे एक माप. म्हणजे भाजल्यावर कळायचं की भाजलं! मग 1904 मध्ये पॅरिसमधल्या साबुरो आणि न्वारे या डॉक्टरांनी एक गोळी वापरली, जी किरणांखाली रंग बदलायची. आणि 1905 मध्ये व्हिएन्नाच्या रॉबर्ट किनबॉक यांनी फोटोच्या कागदाची पट्टी पेशंटच्या अंगावर ठेवली. उपचार झाल्यावर ती धुवायची आणि तिचा काळेपणा एका ठरावीक पट्टीशी ताडून बघायचा. फिल्मवरून डोस मोजायची पद्धत तेव्हापासूनची आहे.

आता थोडं गणित, पण घाबरू नका. काळेपणा मोजायचा कसा? याचं उत्तर इंग्लंडमधल्या हर्टर आणि ड्रिफिल्ड या दोघांनी 1890 मध्येच देऊन ठेवलं होतं, तेही एक्स-रेचा शोध लागायच्या आधी, साध्या फोटोग्राफीसाठी. फिल्मच्या एका बाजूनं उजेड टाका आणि दुसऱ्या बाजूनं किती आला ते बघा. दहावा हिस्सा आला तर घनता 1. शंभरावा आला तर घनता 2. झालं. मग प्रकाश जास्त जास्त देत जायचं आणि घनतेचा आलेख काढायचा. एक वाकडी रेषा मिळते. रेडिएशनसाठीही हेच करतात. फिल्मच्या तुकड्यांना माहीत असलेले डोस द्यायचे, प्रत्येकाची घनता मोजायची, आलेख काढायचा. तो आलेख हातात असला की कुठल्याही फिल्मवरच्या कुठल्याही ठिपक्याला विचारता येतं, ‘बाबा रे, तुला किती डोस मिळाला?’

फिल्मची खरी ताकद या ‘कुठल्याही ठिपक्याला’ या शब्दांत आहे. आयन चेंबर नावाचं यंत्र डोस फार अचूक मोजतं, पण एकाच जागेचा. फिल्म पूर्ण चित्र देते. डोस किती हेही सांगते आणि कुठे पडला हेही सांगते. आणि रेडिएशनमध्ये ‘कुठे’ चुकलं की काय होतं ते सांगायला नको. डाव्या बाजूचं स्तन असेल तर खाली हृदय आहे, फुप्फुस तर आहेच.

आता मुंबईत येऊ. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 ला सुरू झालं. तिथे भौतिकशास्त्राची बाजू सांभाळली रामय्या नायडू यांनी, जे पॅरिसला मादाम क्युरींकडे शिकून आले होते. डॉक्टर पेशंट बघतो, पण किरण बघायला वेगळा माणूस लागतो, ही समज आपल्याकडे रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं. आजही भारतातल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेत त्यांच्या नावानं व्याख्यान होतं. 1962 मध्ये टाटा हॉस्पिटल अणुऊर्जा विभागाकडे आलं. त्याच वर्षी तुर्भ्याला, आज ज्याला आपण भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो तिथे, मेडिकल फिजिसिस्ट घडवणारा डिप्लोमा सुरू झाला. फिजिक्स शिकलेली मुलं-मुली तिथून बाहेर पडून देशभरच्या हॉस्पिटलांत गेली.

रेडिएशनच्या खोलीत काम करणाऱ्यांच्या छातीवर त्या काळी जो बिल्ला असायचा, त्यात पण फिल्मच असायची. ठरावीक दिवसांनी ती काढून पाठवायची, तिकडे धुवून बघायचे की या माणसाला किती किरण लागले. 1970 च्या दशकात तिची जागा कॅल्शियम सल्फेटच्या चकत्यांनी घेतली. बिल्ल्यातून फिल्म गेली, पण मशीन तपासायला राहिली.

मात्र ही जुनी फिल्म म्हणजे मोठी नखरेल गोष्ट. ते मला पुस्तकातून नाही, मामाकडून कळलं. मामाचा परभणीत फोटो स्टुडिओ होता. डिजिटल येण्याआधी मागच्या डार्करूममध्ये तो रोल धुवायचा. मी त्याला फोन केला, तर म्हणाला, ‘अरे, मे महिन्यात डेव्हलपर नुसता चहासारखा गरम व्हायचा. बर्फाची लादी आणून ट्रे त्यात ठेवायचो. पाणी दोन डिग्री इकडं तिकडं झालं की नवरीचा चेहरा काळा. मग शिव्या कोण खाणार?’

लग्नाच्या फोटोत नवरी काळी झाली तर शिव्या बसतात. पण डोस मोजायच्या फिल्मवर तोच घोळ झाला तर? डेव्हलपर गरम, म्हणून फिल्म जास्त काळी, म्हणून डोस जास्त वाटला, म्हणून मशीनचा डोस कमी केला, म्हणून पेशंटला कमी मिळाला. त्यामुळे दर वेळी माहीत असलेल्या डोसचे तुकडे सोबत धुवून ताडून बघावं लागायचं. शिवाय या फिल्ममध्ये चांदीचे क्षार असतात, आणि चांदी कमी ऊर्जेच्या किरणांना जरा जास्तच दाद देते. आपल्या शरीराचं मांस तसं वागत नाही. म्हणजे साक्षीदार चांगला, पण त्याची सवय ओळखूनच त्याचं ऐकायचं.

आता मी येतो त्या गोष्टीवर, जी वाचून मी रात्री झोपलो नाही. इंजिनिअर मित्रांनो, कान देऊन ऐका.

कॅनडात बनलेलं एक मशीन होतं, थेरॅक-25. रेडिएशन देणारं लिनिअर अॅक्सिलरेटर. त्याच्या आधीच्या मॉडेलांमध्ये चूक झाली तर किरण अडवणारे यांत्रिक अडसर होते. या मॉडेलमध्ये त्यातले बरेच काढले आणि ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. जून 1985 ते जानेवारी 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात मिळून सहा पेशंटना भयंकर जास्त डोस बसला. काही जण त्यातच गेले.

सहावी घटना जानेवारी 1987 ची, अमेरिकेतल्या याकिमा गावची. पेशंटला आधी फिल्मवर फोटो घेण्यासाठी 4 आणि 3 रॅड, मग उपचाराचे 79 रॅड, असे एकूण 86 रॅड द्यायचे होते. रॅड हे जुनं माप, 100 रॅड म्हणजे 1 ग्रे. ऑपरेटरनं आत जाऊन पेशंट नीट ठेवला, बाहेर येऊन बटण दाबलं. मशीन मधेच थांबलं. त्यानं पुढे चालू केलं. पुन्हा थांबलं. आतून पेशंटचा आवाज आला. तो म्हणत होता, छातीत भाजतंय. स्क्रीनवर मात्र एकूण डोस होता फक्त 7 रॅड, म्हणजे आधीच्या दोन फोटोंचाच. नंतर अंदाज निघाला की त्याला 8,000 ते 10,000 रॅड बसले असावेत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो गेला.

कंपनीच्या इंजिनिअरांनी मशीन तपासलं. सगळं व्यवस्थित! चूक काही केल्या पुन्हा घडेना. आपल्या भाषेत सांगायचं तर, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय.’

आणि इथे फिल्म कामाला आली. सुरुवातीचे फोटो घेताना पेशंटच्या अंगाखाली ठेवलेली फिल्म काढायची राहून गेली होती. चुकून. मशीनच्या आत एक फिरती तबकडी होती. उपचाराच्या वेळी ती एका जागी पाहिजे, आणि पेशंटवर नुसता दिवा टाकून जागा बघताना दुसऱ्या जागी. हॉस्पिटलच्या फिजिसिस्टनं काय केलं, तबकडी मुद्दाम दिव्याच्या जागेवर ठेवली, खाली नवी फिल्म ठेवली आणि दोनदा किरण सोडला. ही फिल्म आणि पेशंटखाली राहिलेली फिल्म जुळल्या. कॉम्प्युटर सांगत होता काहीच झालं नाही. पेशंटखालच्या फिल्मवर खरं उमटलं होतं.

मग कोडमध्ये बग सापडला. एक बाइटचा व्हेरिएबल, प्रत्येक फेरीला एकनं वाढणारा. शून्य नसेल तर तबकडीची जागा तपासायची, शून्य असेल तर नाही. एका बाइटमध्ये 255 च्या पुढे जागा नाही, म्हणून दर 256 व्या फेरीला तो आपोआप शून्य व्हायचा. नेमकं त्याच क्षणी ऑपरेटरनं बटण दाबलं की तपासणीच गाळली जायची. दुरुस्ती एवढीच, की वाढवत नेण्याऐवजी त्याला एक ठरावीक किंमत द्यायची.

मी हे वाचलं आणि लॅपटॉप बंद केला. कारण असं मी पण केलंय. पहिल्या नोकरीत माझ्या कोडनं शेतकऱ्यांना हवामानाचे एसएमएस जायचे. लॉगमध्ये दोन दिवस ‘सक्सेस’ येत होतं, आणि मेसेज एकालाही गेला नव्हता. कळलं कसं? माझ्याच गावचा एक जण फोन करून म्हणाला, ‘तुझा मेसेज येईना रे.’ माझा कोड काय करायचा आहे ते मला सांगत होता, काय झालं ते नाही. दोन दिवसांत नुकसान काही झालं नाही, नशीब. पण त्या जागी 2 ग्रे असते तर?

फिल्मला ठरवलेलं काय आहे ते माहीतच नसतं. तिच्यावर जे पडतं तेवढंच ती दाखवते. मशीनच्या कॉम्प्युटरशी तिची ओळख नाही, केबल नाही, नेटवर्क नाही. म्हणूनच तिची साक्ष कामाची.

आता फिल्म पण बदलली. 1980 च्या दशकात अमेरिकेत गॅफक्रोमिक नावाची फिल्म तयार झाली. हिला डार्करूम नको, डेव्हलपर नको, मामाची बर्फाची लादी नको. आत एक रसायन असतं, किरण पडले की त्याचे रेणू एकमेकांना जोडून साखळी करतात आणि रंग गडद होतो. चांदी नसल्यामुळे ती शरीराच्या मांसासारखीच वागते. 2004 मध्ये उपचाराच्या डोसाला साजेसा तिचा ईबीटी प्रकार आला आणि मग ती घराघरांत म्हणावं तशी हॉस्पिटलांत पोहोचली. गंमत बघा, 1904 ची रंग बदलणारी गोळी, आणि बरोबर शंभर वर्षांनी रंग बदलणारी फिल्म!

नखरे हिचेही आहेत. किरण पडल्यावर रंग काही तास गडद होत राहतो, म्हणून दर वेळी सारखाच वेळ थांबून, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी, स्कॅन करायची. स्कॅनर साधा सपाट, फोटो स्कॅन करतो तसाच. पण फिल्म आडवी ठेवली की उभी, मध्यभागी ठेवली की कडेला, यानं आकडा बदलतो. उन्हात ठेवायची नाही, बोटांचे ठसे उमटू द्यायचे नाहीत. म्हणून मॅडमच्या हातात मोजे होते.

आणि तो तारा? तो असा निघतो. किरण एका बारीक फटीएवढा करायचा आणि मशीन फिरवत फिरवत वेगवेगळ्या कोनांतून फिल्मवर सोडायचा. प्रत्येक वेळी एक रेषा उमटते. सगळ्या रेषा एका बिंदूत मिळाल्या पाहिजेत, एक-दोन मिलिमीटरच्या आत. नाही मिळाल्या, तर मशीन स्वतःभोवती नीट फिरत नाही. अशीच दुसरी तपासणी कुंपणाची. किरणाला आकार द्यायला मशीनच्या तोंडाशी धातूच्या पातळ पट्ट्यांच्या दोन रांगा असतात, प्रत्येक पट्टी वेगळी सरकते. त्यांची फट ठरावीक अंतरावर थांबवत फिल्मवर उभ्या रेषा काढायच्या, शेताच्या कुंपणासारख्या. एखादी पट्टी मिलिमीटरभर मागे राहिली तरी रेषेत खाच दिसते.

आणि तिसरी, पेशंटच्या प्लॅनची. पेशंटच्या जागी प्लास्टिकचा ठोकळा ठेवायचा, मधे फिल्म, आणि पूर्ण उपचार त्या ठोकळ्याला द्यायचा. मग फिल्मवरचं चित्र आणि कॉम्प्युटरनं सांगितलेलं चित्र एकावर एक. 1998 मध्ये डॅनियल लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची एक रीत बसवून दिली, गॅमा इंडेक्स. समजा, 3 टक्के आणि 3 मिलिमीटर अशी सूट ठेवली. प्रत्येक ठिपक्याला विचारायचं, डोसातला आणि जागेतला फरक मिळून या सुटीत बसतो का? शंभरातले साधारण पंचाण्णव ठिपके हो म्हणाले तर पुढे जायचं. आज बऱ्याच ठिकाणी हे काम सेन्सरांच्या पाट्या करतात, लगेच आकडा देतात. पण त्या सेन्सरांत काही मिलिमीटरचं अंतर असतं. मेंदूतल्या छोट्या गाठीला बारीक किरण द्यायचा असेल, तर अजूनही फिल्म काढतात.

मराठवाड्यातल्या माणसासाठी याचा अर्थ काय? आपल्याकडचा पेशंट आधी मुंबईला नाहीतर बार्शीला जायचा. 2012 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला शासकीय कॅन्सर हॉस्पिटल सुरू झालं, अंतर कमी झालं. पण पाच आठवडे गाव सोडून राहणं अजूनही आहेच. रोजगार बुडतो, सोबतच्याचा पण. त्या माणसाला मशीनमधलं काही कळत नाही, आणि कळायची गरज पण नाही. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे की रेडिएशन देणाऱ्या हॉस्पिटलात पात्र मेडिकल फिजिसिस्ट पाहिजेच. तो माणूस पेशंटला सहसा दिसत नाही. सकाळी लवकर, नाहीतर सगळे पेशंट गेल्यावर रात्री तो मशीनसोबत असतो.

त्या दुपारी आम्ही परत गेलो. तारा ठीक निघाला होता का, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, ‘सकाळी एक रेषा जरा बाजूला वाटली. म्हणून इंजिनिअरला बोलावलं, दुरुस्त केलं, मग परत काढली. आता ठीक आहे.’ मी मनात म्हटलं, मीटिंग बुडली त्याचं काही नाही.

मावशीचे पंचवीस शेक झाले. कातडी काळवंडली होती, ती हळूहळू उतरली. आता दर सहा महिन्यांनी तपासणीला जाते, आणि गावात कोणाला शेक सांगितले की आधी तिला फोन येतो. ती त्यांना काय सांगते माहितीये? ‘मशीन बंद हाय म्हणले तर चिडू नका. त्याची बी तपासणी असती.’

तुमच्या घरी कोणाचं रेडिएशन चालू असेल, तर एकदा विचारा, इथले फिजिसिस्ट कोण आहेत, मशीनची तपासणी कधी असते. भांडायला नाही, ओळख करून घ्यायला. आणि जे माझ्यासारखे कोड लिहितात त्यांना एवढंच सांगतो, लॉगमध्ये ‘सक्सेस’ दिसलं की गावाकडे एक फोन करून बघा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.